तीन प्रवचने आणि हजारो प्रती

२८ जुलै १९४१ रोजी जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात सरकारी वकिलाकडे एक तक्रार गेली. तक्रारदार होते तिथले कॅथलिक बिशप क्लेमेन्स आउगुस्त फॉन गालेन. तक्रार खुनाची होती. शहराजवळच्या मरिएन्टाल मनोरुग्णालयातले पुष्कळ रुग्ण 'अनुत्पादक' ठरवून दुसरीकडे हलवले जाणार आहेत. असे हलवलेले रुग्ण ठार मारले जातात असे कळते. दंडसंहितेच्या २११व्या कलमानुसार हा खून आहे. होऊ घातलेल्या खुनाची माहिती दडवणे हाही १३९व्या कलमानुसार गुन्हा आहे. म्हणून कळवत आहे. तक्रारीचा सारांश एवढाच. त्यात आरोपी म्हणून कोणाचे नाव नव्हते, कारण आरोपी खुद्द सरकार होते.

तक्रारीची दखल कोणी घेतली नाही. ३ ऑगस्टच्या रविवारी बिशप गालेन लाम्बेर्टी चर्चच्या व्यासपीठावर चढले आणि त्यांनी ती तक्रार भाविकांना कलमांसकट वाचून दाखवली. नंतर तीन आठवड्यांनी, २४ ऑगस्टला, हिटलरने मनोरुग्णांना विषारी वायूने मारण्याची ती मोहीम थांबवण्याचा हुकूम तोंडी दिला.

या दोन घटना एकापुढे एक ठेवल्या की गोष्ट सोपी होते: एक निर्भय बिशप बोलला आणि हुकूमशहा नमला. 'म्युन्स्टरचा सिंह' ही गालेन यांची ख्याती याच गोष्टीतून झाली. मी गेली काही वर्षे या प्रकरणाचा माग काढतो आहे. माझ्याकडे इतिहासाची पदवी नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकलो, ते वेगळ्याच कारणासाठी. पुढे पेटर लोफ्लर यांनी संपादित केलेले गालेन यांच्या पत्रांचे आणि प्रवचनांचे १९८८चे दोन खंड हाती आले आणि मी त्यात गुंतलो. त्या वाचनातून माझे एक मत बनले, ते या लेखात मांडतो. गालेन यांचे धैर्य खरेच होते. पण ते उपयोगी पडले ते त्यांच्यामागे उभ्या असलेल्या धर्मग्रामांमुळे. आणि त्या धर्मग्रामांची नजर जिथे थांबली, तिथे त्या धैर्याचाही उपयोग थांबला.

धर्मग्राम म्हणजे काय

'पॅरिश'ला आपल्या वसईच्या ख्रिस्ती मराठीत 'धर्मग्राम' म्हणतात. शब्द नेमका आहे. एक चर्च, एक प्रमुख धर्मगुरू आणि त्या चर्चच्या वहीत बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी असलेली सगळी कुटुंबे, असे ते गावच असते. कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा लढाईवर आहे, कोणाची बहीण मनोरुग्णालयात ठेवली आहे, हे धर्मगुरूला ठाऊक असते. सरकारी दप्तरात माणूस क्रमांक होऊ शकतो. या वहीत तो अमक्याचा मुलगा, तमकीचा भाऊ म्हणूनच राहतो.

गालेन स्वतः बिशप होण्यापूर्वी दीर्घकाळ धर्मग्रामातच काम करत होते. आधी बर्लिनच्या सेंट मथायसमध्ये, मग १९२९पासून याच लाम्बेर्टी चर्चचे प्रमुख धर्मगुरू म्हणून. ऑक्टोबर १९३३मध्ये ते बिशप झाले. म्हणजे ३ ऑगस्टला ज्या व्यासपीठावर ते चढले, ते त्यांच्या रोजच्या सवयीचे होते आणि समोरची माणसे ओळखीची होती.

या प्रदेशाला सरकारशी भांडण्याची जुनी आठवणही होती. बिस्मार्कने १८७०नंतर कॅथलिक चर्चवर निर्बंध घातले, त्या काळात म्युन्स्टरचे बिशप ब्रिंकमान यांना १८७५मध्ये तुरुंगवास झाला आणि पुढे १८८४पर्यंत परदेशात राहावे लागले. मुंबईत १८६९मध्ये सेंट झेविअर्स कॉलेज काढणारे जर्मन जेझुइट आपल्याला माहीत आहेत. त्यांच्या संघावर मायदेशात १८७२मध्ये बंदी आली ती याच संघर्षात. १८७८मध्ये जन्मलेल्या गालेन यांना शाळेसाठी ऑस्ट्रियात फेल्डकिर्खला पाठवले गेले, कारण जेझुइटांची शाळा जर्मनीत राहिलीच नव्हती.

याच चर्चच्या मनोऱ्याला आणखी एक जुनी आठवण टांगलेली आहे. तिथे लोखंडाचे तीन पिंजरे आहेत. १५३४-३५मध्ये म्युन्स्टर शहर ताब्यात घेणाऱ्या ॲनाबॅप्टिस्ट पंथाच्या तीन पुढाऱ्यांना बिशपांच्या राजवटीने १५३६मध्ये हालहाल करून मारले आणि प्रेते या पिंजऱ्यांत ठेवून वर टांगली. ११२ वर्षांनी याच शहरात १६४८च्या वेस्टफालिया तहाच्या वाटाघाटी झाल्या आणि धर्मयुद्धांना लगाम बसला. धर्मस्वातंत्र्य या शब्दाच्या दोन्ही बाजू, तो नाकारणारी आणि मान्य करणारी, या एका गावाने पाहिल्या आहेत. त्या पिंजऱ्यांखाली उभे राहून कोणी धर्मस्वातंत्र्यावर बोलू लागले, तर ऐकणाऱ्याने वर एकदा पाहावे असे मला वाटते.

क्रूसाचे प्रकरण, १९३६

१९४१ समजून घ्यायचे तर आधी पाच वर्षे मागे जावे लागते. म्युन्स्टर धर्मप्रांताचाच एक भाग ओल्डेनबुर्ग राज्यात होता. क्लोपेनबुर्ग आणि फेख्टा हे त्यातले शेतकऱ्यांचे, जवळजवळ संपूर्ण कॅथलिक तालुके. गालेन यांचे जन्मगाव डिंकलागे इथलेच. ४ नोव्हेंबर १९३६ रोजी ओल्डेनबुर्गच्या मंत्र्याने फर्मान काढले: शाळा आणि इतर सार्वजनिक इमारतींतले क्रूस आणि ल्यूथरच्या तसबिरी काढाव्यात.

फर्मान कागदावर किरकोळ दिसते. पण त्या गावांत शाळेतला क्रूस लोकांनी स्वतः लावलेला होता. धर्मगुरूंनी चर्चमधून विषय मांडला. गावोगावची शिष्टमंडळे राजधानीच्या कचेरीत जाऊ लागली. त्यांत पहिल्या महायुद्धात लढलेले माजी सैनिक होते, पक्षाचे सभासदही होते. शेवटी २५ नोव्हेंबरला पक्षाचा प्रांतप्रमुख कार्ल रोव्हर क्लोपेनबुर्गच्या सभागृहात लोकांची समजूत काढायला आला. हजारो माणसे जमली. रोव्हर मूळ विषय टाळून आफ्रिका, वंश अशा गोष्टींवर बोलत राहिला. सभेतून पुनःपुन्हा एकच ओरड होत होती: मुद्द्यावर या, क्रूसाचे बोला. अखेर त्याला जाहीर करावे लागले की फर्मान मागे घेतले आहे, क्रूस शाळेतच राहतील.

नाझी राजवटीत सरकारने जाहीर सभेत असा हुकूम मागे घेतल्याची उदाहरणे फारच थोडी आहेत. या विजयाची किंमत पुढे वसूल झाली. सरकारने धार्मिक शाळा मोडीत काढल्या, आणि फेख्टाचे धर्मप्रांतीय अधिकारी फोरवेर्क यांना १९३८मध्ये हद्दपार केले. तरीही दोन्ही बाजू एक धडा शिकल्या. गावे शिकली की सगळे एका वेळी बोलले तर हुकूम मागे फिरतो. पक्ष शिकला की या भागात चर्चला उघड हात लावायचा असेल तर वेळ पाहावी.

पुढच्याच वर्षी पोप पायस अकरावे यांचे जर्मन भाषेतले परिपत्रक गुप्तपणे छापून गावोगाव पोचवले गेले आणि २१ मार्च १९३७च्या झावळ्यांच्या रविवारी देशभरच्या चर्चमधून वाचले गेले. ते छापणारे छापखाने सरकारने जप्त केले. पण कागद हातोहात कसा पोचवायचा, याचा सराव धर्मग्रामांना झाला होता.

'दयामरण' नावाचा खून

आता मूळ विषय. ऑक्टोबर १९३९मध्ये हिटलरने आपल्या खासगी कागदावर एका चिठ्ठीवर सही केली आणि तारीख मुद्दाम मागची, युद्धारंभाची, म्हणजे १ सप्टेंबर घातली. काही डॉक्टरांना 'असाध्य' रुग्णांना मरण देण्याचा अधिकार त्या चिठ्ठीने दिला. कायदा कधीच झाला नाही. कचेरी बर्लिनमध्ये टियरगार्टन रस्त्यावर चौथ्या क्रमांकाच्या घरात होती, त्यावरून पुढे या मोहिमेला 'टी-४' नाव पडले. देशभरच्या रुग्णालयांकडून छापील तक्ते भरून घेतले जात: आजार कोणता, किती वर्षे इथे आहे, कोणते काम करू शकतो. रुग्णाला न पाहता तज्ज्ञ तक्त्यावर खूण करत. लाल अधिक म्हणजे मरण, निळे उणे म्हणजे जीवन. निवडलेल्यांना करड्या बसगाड्यांतून नेले जाई आणि सहा केंद्रांत कार्बन मोनॉक्साइड सोडून मारले जाई. ऑगस्ट १९४१पर्यंतचा मोहिमेचा स्वतःचा हिशेब ७०,२७३ माणसांचा आहे.

'दयामरण' हा शब्द मराठी वाचकाला केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांची आठवण करून देईल. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात उपचार थांबवण्याविषयी दिलेला निकाल आणि त्याआधी व नंतर परिचारिकांनी केलेली सेवा, यावर आपल्याकडे गंभीर चर्चा झाली. ती चर्चा एका माणसाचे दुःख आणि इच्छा यांच्याविषयी होती. टी-४मध्ये रुग्णाची इच्छा कोणी विचारली नाही. विचारले गेले ते एवढेच की हा माणूस किती काम देतो. शब्द एकच असला तरी गोष्टी भिन्न आहेत, हे लक्षात ठेवूनच पुढे वाचावे.

गुपित टिकले नाही. कुटुंबांना खोट्या कारणांची मृत्यूपत्रे येत. अपेंडिक्स आधीच काढलेल्या माणसाचा मृत्यू अपेंडिक्सने झाल्याचे कळवले जाई. हाडामार केंद्राच्या धुराड्याचा धूर गावाला दिसत होता आणि शाळकरी मुले बसगाड्या ओळखत होती, असे लिम्बुर्गचे बिशप हिल्फ्रिख यांनी १३ ऑगस्ट १९४१ला मंत्र्यांना लिहिले.

विरोध गालेन यांच्यापासून सुरू झाला असेही नाही. १९४०मध्ये वुर्टेम्बेर्गचे प्रोटेस्टंट बिशप वुर्म यांनी सरकारला पत्र लिहिले, पास्टर ब्राउने यांनी सविस्तर निवेदन दिले. ब्रांडेनबुर्गचे न्यायाधीश लोटार क्रायसिग यांनी खुनाची फिर्याद केली आणि त्यांना निवृत्त व्हावे लागले. गालेन यांना जुलै १९४०मध्येच माहिती होती. त्यांनी ज्येष्ठ कार्डिनल बेर्ट्राम यांना कळवले, बेर्ट्राम यांनी सरकारला पत्र पाठवले, आणि पत्रांवरच वर्ष गेले. ७०,२७३मधली बहुसंख्य माणसे त्याच वर्षात गेली. गालेन यांचा गौरव करताना हे वर्ष वगळणे मला योग्य वाटत नाही.

तीन रविवार

मौन सुटले ते वेगळ्या निमित्ताने. जुलै १९४१च्या दुसऱ्या आठवड्यात म्युन्स्टरवर ब्रिटिश विमानांनी सलग रात्री बॉम्ब टाकले. शहर जळत असतानाच, १२ जुलैला, गेस्टापोने जेझुइटांची घरे आणि एका धर्मभगिनी संघाचे घर जप्त करून तिथल्या माणसांना प्रांताबाहेर काढले. दुसऱ्या दिवशी लाम्बेर्टीमध्ये पहिले प्रवचन झाले. विषय होता न्याय. कोर्टाशिवाय, आरोपाशिवाय कोणालाही उचलता येत असेल तर आपल्यापैकी कोणीच सुरक्षित नाही, हा मुद्दा. त्यात गालेन यांनी तुरुंगातले प्रोटेस्टंट पास्टर नीम्योलर यांचाही आदराने उल्लेख केला, हे विशेष. २० जुलैला ऊबरवासर चर्चमध्ये दुसरे प्रवचन झाले. आपण घण नाही, ऐरण आहोत; घाव घालणारे थकतील, ऐरण टिकेल, अशी उपमा त्यात आहे. वाचताना मला लोहाराच्या भात्याची आठवण आली. बिशपांच्या श्रोत्यांतही शेतकरी पुष्कळ होते, त्यांना ती समजावून सांगावी लागली नसेल.

३ ऑगस्टच्या तिसऱ्या प्रवचनात धर्मस्वातंत्र्याकडून ते जीवनाच्या पावित्र्याकडे वळले. माझ्या दृष्टीने त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग तात्त्विक नाही. मरिएन्टालमध्ये असलेल्या एका शेतकऱ्याची हकीकत ते सांगतात. वय पंचावन्नच्या आसपास, म्युन्स्टरलँडमधल्या एका खेड्याच्या धर्मग्रामातला. मुलगा सैनिक, नुकताच रजेवर येऊन बापाला भेटून गेलेला. नाव सांगू शकेन, असेही ते म्हणतात. चर्चमध्ये बसलेल्या किती घरांत असा बाप, अशी बहीण, असा रजेवर आलेला मुलगा असेल? पुढचा तर्क सरळ आहे. काम देत नाही म्हणून माणूस मारायचा असेल, तर उद्या म्हातारे झाल्यावर आपलाही तोच हिशेब होईल. कामात हातपाय गमावलेल्यांचा होईल. लढाईत जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकाचाही होईल. युद्ध चालू असताना, घरोघरची मुले रशियाच्या आघाडीवर असताना, हे वाक्य जाहीरपणे उच्चारणे म्हणजे काय, हे बर्लिनला लगेच समजले.

कार्बन पेपरचे काम

प्रवचन एका चर्चमध्ये झाले होते. ऐकणारे फार तर काही हजार. ते देशभर पोचले ते धर्मग्रामांमुळे. धर्मप्रांतातल्या चर्चमधून त्याचे वाचन झाले. ज्या घरी, ज्या कार्यालयात टंकयंत्र होते तिथे कार्बन लावून प्रती निघाल्या, एका प्रतीवरून पुढची. काहींनी हाताने उतरवून घेतले. सैनिकांना टपालाने गेले. ब्रिटिशांनी तर मजकूर छापून विमानातून टाकला. उल्म गावच्या शोल कुटुंबाच्या टपालपेटीत एक प्रत कोणी टाकली आणि ती वाचून हान्स शोलच्या मनात पत्रके काढण्याचा विचार पक्का झाला, असे त्याची बहीण इंगे शोल यांनी पुढे लिहिले. 'व्हाइट रोझ' गटाची गोष्ट अनेक वाचकांना माहीत असेल.

प्रचार खात्यातल्या वाल्टर टीस्लर नावाच्या अधिकाऱ्याने गालेन यांना फाशी द्यावी असे सुचवले. बोरमनचेही मत तसेच होते. गोबेल्सने अडवले. बिशपला हात लावला तर म्युन्स्टर आणि अख्खे वेस्टफालिया युद्ध संपेपर्यंत हातचे गेले समजा, असे त्याचे म्हणणे होते. हिटलरनेही हिशेब युद्धानंतर चुकता करायचे ठरवले. या हिशेबात गालेन यांच्या वक्तृत्वाचे वजन किती आणि क्लोपेनबुर्गच्या सभागृहातल्या ओरडीच्या आठवणीचे किती, हे तराजूत घालून दाखवता येणार नाही. पण गोबेल्सला भीती वाटली ती प्रदेशाची, एका माणसाची नव्हे.

किंमत खालच्यांनी मोजली. धर्मप्रांतातले अनेक धर्मगुरू छळछावण्यांत गेले, त्यातले काही परतले नाहीत. ल्युबेकमध्ये योहानेस प्रासेक, एडुआर्ड म्युलर आणि हेर्मान लांगे हे तीन तरुण कॅथलिक धर्मगुरू गालेन यांच्या प्रवचनांच्या प्रती काढून वाटत होते. त्यांच्याबरोबर प्रोटेस्टंट पास्टर कार्ल फ्रीड्रिख श्टेलब्रिंक होते. ते एके काळी नाझी पक्षाचे सभासद होते. १० नोव्हेंबर १९४३ रोजी हॅम्बुर्गमध्ये चौघांचाही काही मिनिटांच्या अंतराने शिरच्छेद झाला. अठरा सामान्य कॅथलिकांनाही त्यांच्याबरोबर पकडले गेले होते. बिशप सुरक्षित राहिले. प्रत काढणारा मारला गेला. गालेन यांना ही टोचणी होती, आणि सरकारचाही हेतू तोच होता.

नजर कुठे थांबली

इथे गोष्ट संपवली तर ती ऐकायला चांगली वाटेल. पण मग ती खरी राहणार नाही.

एक तर हत्या थांबल्या नाहीत. वायूची केंद्रे बहुतांशी बंद झाली, पण मुलांचे मारणे चालूच राहिले. १९४२पासून रुग्णालयांतच उपासमार आणि औषधांचे जादा डोस देऊन रुग्ण मारले गेले. हाडामार पुन्हा सुरू झाले. युद्धाच्या अखेरपर्यंत बळींचा एकूण आकडा दोन लाखांच्या आसपास जातो असे अभ्यासक मानतात. बंद पडलेल्या केंद्रांतली माणसे आणि तंत्र पोलंडमधल्या बेल्झेक, सोबिबोर आणि ट्रेब्लिंका इथल्या संहारछावण्यांत वापरले गेले. ऑगस्ट १९४१चा विजय अर्धाच होता.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. १३ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे तिसऱ्या प्रवचनानंतर जेमतेम चार महिन्यांनी, म्युन्स्टर आणि आसपासच्या ज्यूंना आगगाडीने रीगाला नेण्यात आले. त्या रविवारी किंवा नंतर लाम्बेर्टीच्या व्यासपीठावरून त्यांच्यासाठी चौथे प्रवचन झाले नाही. कोर्टाशिवाय उचलले जाणे, 'निरुपयोगी' ठरवले जाणे, हलवले जाणे आणि परत न येणे, या जुलै-ऑगस्टच्या प्रवचनांतल्या प्रत्येक तर्काला ते प्रकरण बसत होते. सप्टेंबर १९४१च्या पत्रात गालेन यांनी बोल्शेव्हिकांविरुद्धच्या युद्धाला पाठिंबाच दिला होता. ते जुन्या वळणाचे राष्ट्रवादी होते, हे त्यांचे चाहतेही नाकारत नाहीत.

काहींचे म्हणणे असे की तेव्हा बोलणे अशक्य होते. हे पटत नाही, कारण बर्लिनमध्ये एक धर्मगुरू बोलत होता. सेंट हेडविग कॅथीड्रलचे बेर्नहार्ड लिख्टेनबेर्ग नोव्हेंबर १९३८मध्ये सिनेगॉग जाळली गेल्यापासून रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत ज्यूंसाठी मोठ्याने प्रार्थना करत. ऑगस्ट १९४१मध्ये त्यांनी गालेन यांचे प्रवचन वाचून आरोग्य विभागाचा प्रमुख कोंटी याला रुग्णांच्या हत्यांविषयी निषेधाचे पत्रही लिहिले. म्हणजे रुग्ण आणि ज्यू ही दोन वेगळी प्रकरणे आहेत, असे त्यांना वाटत नव्हते. दोन विद्यार्थिनींनी चुगली केली. २३ ऑक्टोबरला अटक, दोन वर्षे तुरुंग, आणि ५ नोव्हेंबर १९४३ रोजी डाखाउच्या वाटेवर होफ गावी मृत्यू. त्यांच्यामागे क्लोपेनबुर्ग नव्हते. राजधानीतल्या चर्चमध्ये येणारी माणसे एकमेकांना ओळखत नव्हती, आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना चालली होती ती त्या धर्मग्रामाच्या वहीत नव्हतीच.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. 'प्रत्येक जीव पवित्र' हा सिद्धांत सर्वांसाठी सांगितलेला असतो. पण त्याला जोर येतो तो आपली माणसे ओळखणाऱ्या समाजातून. मरिएन्टालमधला शेतकरी वाचवण्यासाठी धर्मग्राम उभे राहिले, कारण तो कोणाचा तरी बाप होता आणि त्याचे नाव वहीत होते. शेजारच्या गल्लीतल्या ज्यू कुटुंबाचे नाव दुसऱ्या वहीत होते. तीच माणसे, तेच टंकयंत्र, तोच कार्बन पेपर. एका वेळी चालला, दुसऱ्या वेळी कपाटात राहिला. सिद्धांत अपुरा नव्हता. तो ज्या वहीतून राबवला जात होता, ती अपुरी होती.

गालेन फेब्रुवारी १९४६मध्ये कार्डिनल झाले आणि रोमहून परतल्यावर काही दिवसांतच, २२ मार्चला, वारले. २००५मध्ये चर्चने त्यांना धन्य घोषित केले; लिख्टेनबेर्ग यांना त्याआधी, १९९६मध्ये; ल्युबेकच्या तीन धर्मगुरूंना २०११मध्ये. आपल्याकडेही जात, गाव, पंथ, भाषा यांच्या वह्या पुष्कळ आहेत, आणि आपल्या माणसावर अन्याय झाला की त्या वह्या किती वेगाने उघडतात हे आपण जाणतो. त्यांची ताकद मी कमी लेखत नाही. म्युन्स्टरमध्ये त्या ताकदीने एका हुकूमशहाला, अर्धवट का होईना, मागे हटवले. एखाद्या समाजाची परीक्षा घ्यायची झाली तर मी आता एकच गोष्ट पाहीन: आपल्या वहीत नसलेल्या माणसाला न्यायला गाडी आली, तेव्हा त्यातल्या किती जणांनी कागद टंकयंत्रात घातला.